सतत उत्साहात असलेल्या, हसतमुख माणसासाठी इंग्रजीत नेमकं विशेषण कोणतं आणि ते लक्षात कसं ठेवायचं?

‘इबुलियंट’ हा शब्द शिका. स्पेलिंग ई-बी-यू-डबल एल-आय-ई-एन-टी, आणि जोर ‘बु’वर. काही जण ‘इबलियंट’ असंही म्हणतात, तेही बरोबरच.

लक्षात ठेवायला मराठीच मदतीला येते. आपण म्हणतो ना, ‘त्याचा उत्साह नुसता उतू चाललाय’? या शब्दाच्या पोटातही तेच उकळतं दूध आहे. लॅटिनमध्ये ‘बुलिरे’ म्हणजे उकळणं आणि आधीचा ‘ए’ म्हणजे बाहेर. इंग्रजीतलं ‘बॉइल’ त्याच ‘बुलिरे’वरून फ्रेंचमार्गे आलंय. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला तेव्हा ‘इबुलियंट’चा अर्थही खरोखर उकळणारा असाच होता, माणसांच्या स्वभावासाठी तो नंतर रुळला. मला तर असे शब्द घोकण्यापेक्षा त्यांचं मूळ पाहणं केव्हाही जास्त आवडतं, कारण एकदा पातेलं डोळ्यांसमोर आलं की अर्थ विसरत नाही.

मात्र हा शब्द जरा लेखी वळणाचा आहे, आणि त्यात आनंद बाहेर ओसंडताना दिसायला हवा. दिवसभर न थकता, पण शांतपणे राबणाऱ्या माणसाला ‘एनर्जेटिक’ म्हणा. मित्रमंडळींत ‘बबली’ चालतं, पण ते बहुतेकदा मुली आणि तरुण स्त्रियांबद्दल वापरलं जातं. शिफारसपत्रात ते उथळ वाटेल. वाक्यात असं बसवा: ‘शी वॉज इन ॲन इबुलियंट मूड आफ्टर द मॅच.’