वाचकांचे प्रश्न : बाबांची स्मरणिका लिहिताना

प्रश्न : माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत अधिकारी होते. निवृत्तीनंतर ते फोंड्याजवळच्या आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळींच्या बागेत, रमले आणि गेल्या वर्षी वयाच्या ८६व्या वर्षी गेले. वर्षश्राद्धाला छोटी स्मरणिका काढावी, असे आम्हा भावंडांना वाटते. ते गोवा मुक्तीच्या कारवाईत होते असे घरात सगळेच म्हणतात. पण ते स्वतः त्याविषयी कधी बोलले नाहीत. काय लिहावे आणि माहिती कुठून मिळवावी?
— एक कन्या, फोंडा

उत्तर : ताई, ज्याविषयी वडील स्वतः बोलले नाहीत, ते त्यांच्या नावावर लिहिताना अधिक सावध राहावे लागते. गोवा मुक्तीची कारवाई, म्हणजे डिसेंबर १९६१मधील ‘ऑपरेशन विजय’, गोवा, दमण आणि दीव या तिन्ही ठिकाणी झाली. पणजीच्या दिशेने ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५० पॅराशूट ब्रिगेड आली. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन मात्र त्या वेळी दमणला लढत होती. वडील त्या बटालियनमध्ये असतील, तर त्यांना पणजीत आणून बसवल्याने त्यांची खरी लढाईच सांगायची राहून जाईल. त्यांच्या जनरल सर्व्हिस पदकाच्या फितीवर ‘गोवा १९६१’ अशी पट्टी असल्यास सहभाग निश्चित होतो, पण ठिकाण तेवढ्यावरून ठरवू नये.

अधिकाऱ्यांची सेवानोंद दिल्लीला सेना मुख्यालयात असते. बेळगावच्या रेजिमेंटल केंद्रातील अभिलेख कार्यालय जवानांच्या नोंदी ठेवते, त्यामुळे तिथे घातलेली खेप बहुधा वाया जाते. वडिलांचा ‘आयसी’ने सुरू होणारा सेवा क्रमांक निवृत्तिवेतनाच्या आदेशावर सापडेल; तो नमूद करून अर्ज आईच्या नावाने करावा. नावापुढे ‘निवृत्त कर्नल’ असे लिहू नये. हुद्दा कायम राहतो, म्हणून जो हुद्दा असेल तो आधी, मग नाव आणि शेवटी कंसात ‘निवृत्त’ असा प्रघात आहे.

मला अधिक मोलाचे वाटते ते आपल्याच कपाटात आहे. आपल्या भावंडांचे शाळा सोडल्याचे दाखले काढून तारखांप्रमाणे मांडा. बदल्यांचा आलेख तिथेच उलगडेल. कोणत्या गावी दोन वर्षे मिळाली आणि कुठे शाळेचे वर्ष अर्धवट सोडून सामान बांधावे लागले, हे त्यातून जसे कळते, तसे सेवानोंदीतून कधी कळणार नाही. ज्या काळात दाखले एकाच गावचे आहेत आणि वडिलांची पत्रे मात्र ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ अशा लष्करी टपालाच्या पत्त्यावरून आलेली आहेत, तो काळ ते बहुधा कुटुंब नेता येत नाही अशा भागात असल्याचा मानावा. त्या पत्त्यात गावाचे नाव नसते. आईने उत्तर पाठवले तेही ठिकाण न कळताच. ती वर्षे घर एकटीने चालवणाऱ्या आईची आहेत, आणि स्मरणिकेत ती आईच्याच शब्दांत यावीत, असा माझा आग्रह आहे. पदकांना एक पान पुरे. कुळागरात पोफळींना पाणी सोडताना ते कसे वागत, नातवंडांना काय शिकवत, यांना अधिक जागा द्या.

आईंना समोर बसवून एकदम सगळे विचारू नका. वडिलांची काळी ट्रंक उघडा, एकेक वस्तू आईंच्या हातात द्या आणि त्या बोलतील ते मध्ये न थांबवता लिहून घ्या.