ह्यांचा चहा अजून ठेवते मी

प्रश्न : ताई, मी कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ५३. आठ महिन्यांपूर्वी हे अचानक गेले, हार्ट अटॅकनं. आमची पिठाची गिरणी आहे. ती बंदच होती, पण दळणासाठी दुसऱ्या गावाला जावं लागतंय म्हणून बायका मागं लागल्या आणि मी चालू केली. अजून सकाळी दोघांचा चहा टाकते. ह्यांचा कप फोटोपुढं ठेवते आणि काल काय काय झालं ते सांगते. जाऊबाई म्हणतात, अशानं आत्मा अडकून राहतो. मुलगा पुण्याला असतो. तो मोबाइलवर दुःखाच्या पाच पायऱ्या पाठवतो आणि विचारतो, आई, तू कितव्या पायरीवर आहेस? आणखी एक लिहायचंय, पण संकोच वाटतो. हे होते तेव्हा मी हिशोबाच्या वहीला कधी हात लावला नव्हता. आता बँकेत एकटी जाते, चक्कीच्या दगडाला टाकी लावायला, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडायलासुद्धा शिकले, आणि मला हे आवडतंय. परवा गिरणीत मोठ्यानं हसले आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. हे गेले म्हणून मला हे मिळालं, असंच झालं ना?

उत्तर : चहा ठेवत जा. आधी एवढं सांगते, मग बाकीचं.

माझी लेक तोक्योच्या एदोगावा भागात राहते. तिच्या घरमालकीण आजींच्या घरात देव्हाऱ्यासारखं एक लाकडी कपाट आहे. त्याला बुत्सुदान म्हणतात. आत आजोबांच्या नावाची उभी पाटी, शेजारी फोटो. सकाळी भात झाला की घरातल्या कुणाच्याही ताटात पडायच्या आधी छोट्या पितळी वाटीत आजोबांपुढे जातो, सोबत गरम चहा. मग उदबत्ती, लहानशा घंटेवर एक टोला, आणि आजी हात जोडून त्यांच्याशी हळू आवाजात बोलतात. मी साताऱ्याहून कंदी पेढे नेले होते. आजींनी खोका दोन्ही हातांत घेतला, वाकल्या आणि न उघडता आधी कपाटापुढे नेऊन ठेवला. संध्याकाळी आम्हाला त्यातलेच पेढे मिळाले. आजींना कुणी वेड्यात काढत नाही. जपानात कितीतरी घरांत हे रोज चालतं. ४९व्या दिवशी मोठा विधी होतो, पुढे ठरावीक वर्षांनी होत राहतो, आणि बहुतेक ठिकाणी ३३व्या वर्षी शेवटचा. तेव्हा तो माणूस घराण्याच्या पूर्वजांत मिळाला असं धरतात.

तेहतीस वर्षं! आणि तुमच्याकडून आठ महिन्यांत सगळं आवरायची अपेक्षा.

पण आपलं शास्त्र तरी कुठं एवढं घाईचं होतं? गेलेल्याला पितरांत मिळवण्याचा सपिंडीकरणाचा विधी मुळात वर्ष पूर्ण झाल्यावरचा. सोयीसाठी तो बाराव्या दिवसावर आला आणि तेराव्याला गोडाचं जेवण झालं की पाहुणे आपापल्या गाडीला लागतात. वर्षाचं काम बारा दिवसांत उरकल्यावर उरलेले महिने त्या घरातल्या बाईनं एकटीनं काढायचे, असा हा प्रकार आहे. मला याचा फार राग येतो. जाऊबाईंना मात्र रागावू नका. त्यांना भीती वाटते, म्हणून त्या बोलतात. त्यांना शांतपणे एवढंच विचारा, की सर्वपित्री अमावास्येला आपण पितरांना बोलावून जेवू घालतो, भाऊजींच्या आवडीची भाजी पानात वाढतो, कावळ्याची वाट बघतो. त्यानं आत्मा अडकत नसेल, तर कपभर चहानं कसा अडकेल?

जपानचीच आणखी एक गोष्ट. इवाते प्रांतात ओत्सुची नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथल्या इतारू सासाकी यांचा चुलतभाऊ कॅन्सरनं आजारी पडून गेला. त्याच्याशी बोलता यावं म्हणून त्यांनी २०१० मध्ये आपल्या बागेत पांढरी टेलिफोनची खोली उभारली. आत जुना काळा फोन, ज्याची तार कुठंच जोडलेली नाही. ११ मार्च २०११ला त्सुनामी आली आणि गावातला जवळपास प्रत्येक दहावा माणूस गेला. मग सासाकींनी ती खोली सगळ्यांसाठी उघडी केली. तेव्हापासून हजारो लोक तिथं येऊन गेलेत. नंबर फिरवतात आणि बोलतात. तुम्ही फोटोपुढं जे बोलता, तेच.

आता चिरंजीवांच्या पाच पायऱ्या : नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार. त्या एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या डॉक्टरांनी १९६९ साली मांडल्या, आणि त्या मुळात शिकागोच्या रुग्णालयात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या माणसांशी बोलून. पुढे त्या मागं राहिलेल्यांनाही लावल्या गेल्या. दुःख करणारं माणूस असं एकेक पायरी चढत जात नाही. सकाळी बरं असतं, आणि दुपारी कुणी त्यांच्या मापाची चप्पल घालून दारात आलं की पुन्हा पहिल्या दिवसासारखं होतं. मुलाला सांगा, पायरी विचारू नकोस, फोन करून बाबांची आठवण सांग. मला वाटतं, त्यालाही तेच हवंय. बाप गेल्यावर त्याला कुठं रडायला मिळालंय ते तरी विचारा.

आता तो संकोचाचा प्रश्न. तुमची झोप त्यानंच उडवलीय.

नवरा गेल्यावर बाई बदलणार, हे आपल्या समाजानं कायमच मानलं. फक्त ती कशी बदलणार हे आधीच ठरवून ठेवलं होतं. बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, जोडवी काढायची, शुभकार्यात मागं उभं राहायचं. म्हणजे बदलायचं ते कमी होण्यासाठी. तुमच्याच पलीकडच्या कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं ४ मे २०२२ला ग्रामसभेत ठराव करून हे बंद केलं आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठराव झाला तरी आपल्या मनातून ते इतक्या लवकर जात नाही. तुम्ही कमी व्हायच्या ऐवजी वाढलात, म्हणून तुम्हाला चोरी केल्यासारखं वाटतंय.

हे गेले म्हणून गिरणी तुमच्या हातात आली, हे खरं आहे. पण ते जावेत असं तुम्हाला कधी वाटलं नव्हतं, हेही तितकंच खरं आहे. दोन्ही एकाच घरात राहतात. टेडेस्की आणि कॅलहून या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मोठ्या आघातानंतर माणसांत होणाऱ्या अशा वाढीचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की वाढ झाली म्हणून दुःख ओसरतंच असं नाही. रुग्णालयाच्या कॅन्सर वॉर्डात नातेवाइकांशी बोलण्याचं काम मी नोकरीभर केलं, तिथं मीही हेच पाहिलं. टाकी लावताना दगडाच्या खाचा किती खोल घ्यायच्या, ज्वारीला किती आणि गव्हाला किती, हे ह्यांना माहीत होतं. तुम्ही ते शिकलात हे उद्या सकाळी त्यांनाच सांगा. हसलात तेही सांगा.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष ठेवा. गिरणी उघडावीशी वाटेना, जेवण जाईना, झोप रोजचीच उडाली, किंवा आपणही त्यांच्यामागं जावं असं मनात यायला लागलं, तर वर्षश्राद्धाची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.

प्रश्न : माझ्या मित्राचा तरुण मुलगा अपघातात गेला. काय बोलावं सुचत नाही, म्हणून अजून भेटायला गेलो नाही. काय बोलू? (अलिबाग)

उत्तर : तुमच्याच किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली लोकांच्या ज्यू धर्मात याचं उत्तर आहे. दफनानंतर सात दिवस घरचे लोक खाली बसतात, आणि भेटायला आलेल्यानं ते बोलेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असा रिवाजच आहे. दफनाहून आल्यावरचं पहिलं जेवणही दुसऱ्यांनी आणायचं. आपल्याकडं शेजारी पिठलं-भात घेऊन येतात, तसंच.

तेव्हा आजच जा. जवळ बसा. “देवाची मर्जी”, “धीर धर” असलं काही म्हणू नका. तो बोलला तर ऐका, आणि मुलाचं नाव घ्यायला घाबरू नका, त्याच्याबद्दलची एखादी आठवण असेल तर सांगा. पुढच्या महिन्यात पुन्हा जा, कारण तोवर बाकीच्यांचं येणं थांबलेलं असेल. आणि अपघाताचे, पोलिसांचे, विम्याचे कागद घेऊन त्याला कचेऱ्यांत जावं लागणार आहे. त्या दिवशी रजा टाकून त्याच्यासोबत जा.