फोंड्याहून लडाखला चौघे आणि लॅब्रडॉर: थार घ्यावी का?

तीन दारांची थार चौघांतच भरते, लॅब्रडॉरला काय टपावर बसवणार? लेहचा मुख्य रस्ता बहुतेक डांबरी आहे, उन्हाळ्यात साध्या गाड्याही जातात. फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाडीचा, हट्ट नको.

मी एर्टिगा बघेन. मागची रांग सपाट दुमडते, मागेही एसीची हवा येते, डिकीही फार उंच नाही. हे महत्त्वाचं. आमचा म्हातारा कुत्रा आधीच्या उंच गाडीत चढायचाच नाही. ३० किलोचं धूड उचलून माझी कंबर धरली. इनोव्हा क्रिस्टाची तिसरी रांग बाजूला उभी दुमडते, रुंदी खाते.

टेस्ट ड्राइव्हला कुत्र्यालाही न्या. नंतर चोर्ला घाटात एक फेरी मारा, पण कुत्र्याला उपाशीपोटी ठेवून, नाहीतर वळणावर ओकलाच समजा. आणि रबरी चटई टाका. आपली तांबडी माती कार्पेटातून निघत नाही.