हिटलरचं पुस्तक मुलाच्या हातात आहे, वाचू द्यावं का?

प्रश्न : माझा मुलगा एस.वाय.बी.ए.ला आहे. शालिमारला रस्त्यावरच्या पुस्तकवाल्याकडून त्याने हिटलरच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद आणला. सासरे म्हणतात, असलं पुस्तक घरात नको. मुलगा म्हणतो, एवढे लोक फसले कसे ते मला बघायचंय. मला दोघांचंही पटतं. काय करू?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, पुस्तक घरात राहू द्या. मी शाळेत इतिहास शिकवायचे तेव्हा मुलांच्या तोंडून हाच प्रश्न यावा म्हणून धडपडायचे. तुमच्या मुलाला तो आपणहून पडलाय.

फक्त गोष्टीच्या पुस्तकासारखं सलग वाचू नको म्हणावं. हातात पेन्सिल घेऊन आधी पहिल्या खंडातलं सहावं, प्रचारावरचं प्रकरण काढायचं. (संक्षिप्त आवृत्ती असेल तर ते त्यात आहे का, तेवढं बघा.) तिथे लेखक आपली युक्ती स्वतःच सांगून टाकतो. मुद्दे मोजके घ्या, शेवटच्या माणसाच्या डोक्यात उतरेपर्यंत तेच घोकत राहा, भावनेला हात घाला, दुसऱ्या बाजूचं खरं असलं तरी कबूल करू नका. उदाहरण साबणाचं देतो : नव्या साबणाच्या जाहिरातीत बाकीचे साबणही चांगले, असं कोणी लिहील का? १९२५ साली छापलेलं हे प्रकरण मांडीवर ठेवून मुलाने कॉलनीच्या ग्रुपवरचे निवडणुकीतले फॉरवर्ड उघडावेत.

मग बाकीचं पुस्तक. जर्मनी १९१८ला हरली, १९२३मध्ये चलन असं कोसळलं की लोकांची जन्मभराची बचत मातीमोल झाली. हे दुःख खरं होतं. ते वाचताना माणूस मान डोलावतो, आणि मान डोलत असतानाच, पराभव यांच्याच दग्याने झाला म्हणून ज्यूंकडे बोट दाखवलं जातं. दुःख जिथे संपतं आणि गुन्हेगाराचं नाव येतं, तिथे पेन्सिलीने रेघ मारायची आणि पुरावा शोधायचा. सप्टेंबर १९१८च्या अखेरीस युद्धबंदी मागा असा आग्रह खुद्द सेनापती लुडेनडॉर्फने धरला होता. ज्यू लोकसंख्येत शंभरात एकही नव्हते, आणि त्यांच्यातले सुमारे १२ हजार जण जर्मनीसाठी लढताना मेले.

अकराव्या प्रकरणात एक जागा मला सगळ्यांत भयंकर वाटते. ज्यूंच्या जगभरच्या कटाचा दस्तऐवज म्हणून फिरवले गेलेले ‘प्रोटोकॉल्स’ कुठल्या जुन्या फ्रेंच पुस्तकातून चोरलेत, हे लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१मध्येच उतारे देऊन दाखवलं होतं. हिटलर काय लिहितो? एक वृत्तपत्र त्यांना सारखं बनावट म्हणतंय, हाच ते खरे असल्याचा उत्तम पुरावा! खोडून काढणं हाच पुरावा ठरला, की वाचणाऱ्याला परत फिरायला वाटच उरत नाही. या पानावर मुलाला थांबवा, त्याच्याशी बोला. सावानातून (सार्वजनिक वाचनालयातून) नाझी काळाचा एखादा चांगला इतिहास आणून सोबत वाचायला द्या.

सासऱ्यांची भीती खोटी नाही, म्हणून त्यांना यातून वगळू नका. जेवणं झाली की नातवाने सहावं प्रकरण त्यांना मोठ्याने वाचून दाखवावं. त्यांनी कितीतरी निवडणुका आणि सभा पाहिल्यात; यातली कुठली युक्ती कुठल्या भाषणात ऐकली, हे ते त्याला नावानिशी सांगतील.