पऱ्हाटीचा कोळसा आणि रंगीत सांडपाणी

प्रश्न : कापूस वेचल्यावर उरलेली पऱ्हाटी आमच्याकडे जाळली जाते. तिच्या कोळशाने कापड रंगवल्यानंतरच्या सांडपाण्यातला रंग निघेल का? – एक वाचक, चोपडा

उत्तर : निघेल; मात्र चुलीतला साधा कोळसा पुरेसा नाही. प्रयोगशाळेत पऱ्हाटीचा भुगा फॉस्फरिक आम्लात भिजवून, हवा न लागू देता सुमारे ४५० अंश सेल्सिअसला तापवला आणि नंतर स्वच्छ धुतला, की त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे तयार होऊन एका ग्रॅममागे कित्येकशे चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो आणि त्यावर रंगाचे रेणू चिकटून बसतात. मिथिलीन ब्लूसारखा धनभारित रंग आम्लधर्मी पाण्यात सहसा कमी धरला जातो, म्हणून आधी पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) तपासावा. रंग नष्ट होत नाही, कोळशात साठतो. तेव्हा वापरलेला कोळसा कृपया शेतात टाकू नये.