पोरगी भूकंपाच्या देशात, आई नागपुरात जागी

मुलगा तैवानला, मुलगी जपानला, भाचा कॅलिफोर्नियाला. तिथं जमीन हलते आणि इथं नागपुरात आईवडिलांची झोप उडते. ‘मॅडम, काळजी थांबतच नाही. परत बोलवून घेऊ का?’ हा प्रश्न अलीकडे माझ्याकडे समुपदेशनात वारंवार येतो. त्याचं उत्तर मी एका आईच्या अनुभवातून देते. त्यांची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. त्यांना इथं काकू म्हणते, समोरही तसंच म्हणते.

काकू माझ्याकडे ऑगस्ट 2025 मध्ये आल्या. वय पन्नाशीच्या पुढे, घर मानेवाड्याकडे, काका वीज मंडळातून निवृत्त. एकुलती एक मुलगी जपानमध्ये हामामात्सुला, प्रशांत महासागराच्या काठावरच्या शहरात, कारखान्यात इंजिनिअर. काकूंच्या फोनवर भूकंपाची तीन-तीन ॲप्स होती आणि तिन्ही साऱ्या जपानचा प्रत्येक हादरा सांगायची. त्या देशात माणसाला जाणवतील असे हादरे वर्षाला दीड-दोन हजार होतात, म्हणजे फोन रात्रंदिवस वाजायचा. पहाटे तीनला त्या उठायच्याच, कारण तिथं तेव्हा साडेसहा झालेले असतात. मुलीच्या मेसेजवर निळ्या खुणा दिसल्या तर पुन्हा पडायच्या. नाही दिसल्या तर फोन. बस पकडताना फोन, मीटिंगमध्ये फोन. शेवटी मुलीनं आईचे फोन उचलणं कमी केलं, आणि काकूंची भीती दुप्पट झाली.

काका वैतागलेले होते. “मी हिले म्हणतो, तू इथं जागून तिथला भूकंप थांबवून राहिली का वं? ऐकतच नाही, मॅडम.”

त्या वर्षी भीतीला खतपाणीही भरपूर मिळालं होतं. 5 जुलै 2025 ला जपानवर महासंकट येणार, अशी अफवा महिनोन्‌महिने फिरत होती. त्याच सुमारास, 21 जूनपासून, दक्षिणेकडच्या तोकारा बेटांवर हादऱ्यांची मालिका सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत हजारावर हादरे जाणवले. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. तारीख, जागा आणि ताकद आधी सांगणं आजच्या विज्ञानाला शक्य नाही, असं जपानच्या हवामान संस्थेनं स्पष्ट सांगूनही काकूंनी मुलीला जुलैत सुट्टी काढून ये म्हणून रडून विनवलं. ती आली नाही. 5 जुलै गेला. मग 30 जुलैला रशियाच्या कामचात्का किनाऱ्याजवळ 8.8 चा भूकंप झाला, जपानच्या किनाऱ्याला त्सुनामीचे इशारे मिळाले, जवळजवळ वीस लाख लोकांना उंच जागी जायला सांगितलं गेलं. प्रत्यक्षात जपानच्या किनाऱ्यावर लाटा दीड मीटरच्या आतच राहिल्या. पण नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज आला, ‘बघा, भविष्य खरं झालं, फक्त थोडं उशिरा.’

मी काकूंना विचारलं, “भूकंप 12 ऑगस्टला झाला असता, आणि इंडोनेशियात झाला असता, तर हा मेसेज आला असता का?”

त्या विचार करून म्हणाल्या, “आलाच असता.” कुठलीही तारीख आणि कुठलीही जागा ज्या भाकिताला चालते, ते भाकीत नव्हे. एवढं त्यांना पटलं. पण झोप आली नाही. मला तशी अपेक्षाही नव्हती. पटणं डोक्यात होतं आणि काकूंची भीती डोक्यात बसलेली नव्हती.

ती कुठं होती ते पुढच्या एका भेटीत कळलं. त्या सहज बोलून गेल्या की पलंगाशेजारी चपला आणि टॉर्च ठेवल्याशिवाय त्या कधी झोपल्याच नाहीत. कधीपासून? “किल्लारीपासून.”

काकूंचं माहेर उमरग्याकडचं. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून गाव उशिरा झोपलेलं. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी 6.2 चा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे दहा हजार माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर मातीचं जड माळवद, तेच झोपलेल्या माणसांवर आलं. काकूंचं घर उभं राहिलं. शेजारच्या गावातल्या मामाचं राहिलं नाही. पुढं कित्येक महिने त्या अंगणात झोपल्या. लग्न होऊन नागपूरला आल्या, तर 22 मे 1997 च्या पहाटे जबलपूरला 5.8 चा भूकंप झाला आणि तो इथंही जाणवला. उन्हाळ्यामुळे सगळे गच्चीवर. बाकीचे थोडं बोलून कूस बदलून झोपले. नवी सून मात्र खाली उतरून उजाडेपर्यंत अंगणात बसून होती. सासरी कुणी कारण विचारलं नाही आणि यांनीही सांगितलं नाही. मुलीला तर यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

पहाटे तीनला जाग येण्याला जपानचं घड्याळ हे अर्धंच कारण होतं.

अशा वेळी घरचे म्हणतात, ‘जुनं काढू नका, विसरा.’ मी उलट सांगते. काकूंनी ते सगळं सविस्तर सांगितलं, मामाच्या घराच्या दारापासून ढिगाऱ्यापर्यंत, थांबत थांबत, त्यांना झेपेल तेवढं. त्यानंतरच आम्ही जपानकडे वळलो, कारण तोवर त्यांच्या मनात हामामात्सुचं घरही माळवदाचंच होतं.

किल्लारीचा भूकंप 6.2 चा होता. मोठमोठ्या भूकंपांच्या यादीत हा आकडा मधलाच. माणसं मारली ती मुख्यतः घरांनी. जपानमध्ये 1981 साली इमारतींचे भूकंपविषयक नियम कडक झाले, लाकडी घरांसाठी 2000 साली आणखी. म्हणून आईनं मुलीला विचारावा असा खरा प्रश्न ‘आज हादरा बसला का?’ हा नाही. ‘तुझी इमारत कोणत्या साली बांधली?’ हा आहे. यातली दुसरी बाजूही मी लपवली नाही. 1 जानेवारी 2024 ला नोतो द्वीपकल्पात 7.6 चा भूकंप झाला तेव्हा जपानमध्येही शेकडो लोक गेले, आणि बरेचसे जुन्या लाकडी घरांखाली सापडले. काळजी करणाऱ्या माणसाला अर्धं सांगितलं तर उरलेलं अर्धं तो रात्री दोन वाजता स्वतः शोधतो, आणि मग आपल्यावरचा विश्वासही जातो.

“पण मोठा होणार नाही ना?” काकू दर भेटीत विचारायच्या. मी ‘नाही’ म्हटलं नाही, कारण तसं कुणालाच म्हणता येत नाही. हामामात्सुसमोरच्या समुद्रात नानकाई खंदक आहे. तिथं एक भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, दुसऱ्याखाली सरकतो, अडकतो आणि कधीतरी सुटतो. शेवटचे मोठे भूकंप 1944 आणि 1946 चे. जानेवारी 2025 मध्ये जपानच्या सरकारी समितीनं पुढच्या तीस वर्षांत मोठ्या भूकंपाची शक्यता सुमारे 80 टक्के सांगितली. मार्चमध्ये सरकारी अहवालात सर्वांत वाईट परिस्थितीत 2 लाख 98 हजार मृत्यू होतील असा अंदाज आला. ग्रुपवर त्याचं झालं, ‘80 टक्के पक्कं, तीन लाख मरणार.’ तीस वर्षं गळाली. ‘सर्वांत वाईट’ गळालं. आणि लोक लगेच उंच जागी निघाले तर त्सुनामीचे बळी मोठ्या प्रमाणात कमी होतील, हे त्याच अहवालातलं वाक्यही गळालं. तो अहवाल तयारी करायला लिहिलेला आहे. काकू तो शोकपत्रासारखा वाचत होत्या.

मग मुलीला व्हिडिओवर घेतलं. ती आधी चिडलेलीच होती. “आई, लांब सेंडाईला हललं तर मी इथं काय सांगू तुला?” काकूंनी किल्लारीचं सांगितलं तेव्हा मात्र ती गप्प झाली, आणि नंतर तिनंच कामाची गोष्ट समजावली. जपानमध्ये दोन आकडे असतात. एक भूकंपाची ताकद, तो साऱ्या भूकंपाला मिळून एकच. दुसरा शिंदो, म्हणजे त्या त्या गावात जमीन किती हलली, तो शून्यापासून सातपर्यंत. समुद्रात दूर सात ताकदीचा भूकंप झाला तरी हामामात्सुचा शिंदो एक असू शकतो. काकूंची ॲप्स पहिला आकडा दाखवत होती आणि त्यांना हवा होता दुसरा. दोन ॲप्स काढली, तिसऱ्यात फक्त हामामात्सु आणि शिंदो चार किंवा जास्त, एवढंच ठेवलं.

मायलेकींचा करार ठरला. चार किंवा त्याहून जास्त झालं तर मुलगी सुरक्षित जागी पोचल्यावर ‘ठीक’ एवढा एकच शब्द पाठवणार. आईनं फोन करायचा नाही, कारण मोठ्या भूकंपानंतर लाइनी तुंबतात आणि फोनची बॅटरी तिला लागणार असते. लाइनी बंदच पडल्या तर जपानमध्ये आपत्तीच्या वेळी 171 या क्रमांकावर आवाजी निरोप ठेवता येतो, तो तिच्या ऑफिसातली मैत्रीण ऐकेल आणि काकांना कळवेल. मुलीनं इमारतीचं साल काढलं, 2008. कपाट भिंतीला पट्ट्यांनी बांधलं, पलंगावरची फळी हलवली, उंच जागेपर्यंत एकदा चालत जाऊन वेळ मोजली. तिनं सांगितलं की शहराच्या किनाऱ्यावर 17.5 किलोमीटर लांबीचा बांध 2020 साली पुरा झाला आहे, तेरा ते पंधरा मीटर उंचीचा. काकूंनी त्याचा फोटो मागितला. तो मी पाठवू दिला, एकदाच.

एकदाच का, ते सांगते. खात्री मागणं हे खाजवण्यासारखं आहे. क्षणभर बरं वाटतं आणि खाज वाढते. मुलीनं ‘मी ठीक’ म्हटलं की काकूंना तासभर हलकं वाटायचं, मग तोच प्रश्न अधिक जोरानं यायचा. नागपुरातही त्यांना पलंग हलल्यासारखा वाटायचा, म्हणून कुणाच्या सांगण्यावरून त्यांनी उशाशी पाण्याचा गडू ठेवला होता. पाणी हललं तर भूकंप खरा. परिणाम असा, की रात्रभर त्या पाणी बघत बसायच्या. गडू आम्ही स्वयंपाकघरात नेला. पलंग हलल्यासारखा वाटला तर तपासायचं नाही, पाय जमिनीला टेकवून सावकाश श्वास सोडायचा आणि ती लाट ओसरेपर्यंत तसंच बसायचं. फोन रात्री हॉलमध्ये. बघावंसं वाटलं की आधी दहा मिनिटं थांबायचं, मग अर्धा तास. संध्याकाळी सहाला वीस मिनिटं वही घेऊन काळजी करायची, ठरवून: डाव्या पानावर हातातलं, उजव्या पानावर हातात नसलेलं. डाव्या पानावरचं काम दुसऱ्या दिवशी करायचं. उजवं पान मिटायचं.

सोपं गेलं नाही. पहिले काही दिवस काकू जास्तच जागल्या, काकांनी मला फोन करून ‘हे काहून सुरू केलं’ असं विचारलं. हे होतंच. सवय सोडताना भीती आधी चढते, मग उतरते, आणि घरच्यांना हे आधी सांगून ठेवलं तर ते मधेच दया येऊन फोन हातात देत नाहीत.

8 डिसेंबर 2025 ला परीक्षा आली. जपानच्या उत्तरेला आओमोरीच्या किनाऱ्याजवळ 7.5 चा भूकंप झाला. तिथले रात्रीचे सव्वा अकरा, आपले पावणेआठ. हाचिनोहे शहरात शिंदो वरचा सहा (पाच आणि सहा या पायऱ्यांचे खालचा आणि वरचा असे दोन भाग असतात). किल्लारीच्या सुमारे नव्वद पट ऊर्जा, आणि जखमींचा आकडा मात्र दोन आकडी. त्सुनामीचा इशारा, शिवाय पुढचा आठवडा अधिक मोठ्या भूकंपाची शक्यता नेहमीपेक्षा जास्त, म्हणून सावध राहा अशी सूचना. ही विशिष्ट सूचना 2022 मध्ये व्यवस्था सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच निघाली होती. टीव्हीवर ‘जपान हादरला.’ काकू भाकऱ्या थापत होत्या. हामामात्सु तिथून आठशे किलोमीटरच्या आसपास, सरळ रेषेत नागपूर-मुंबईपेक्षा लांब. ॲप वाजलं नाही. त्यांचा हात दोनदा फोनकडे गेला, मग त्यांनी काकांना टीव्ही बंद करायला सांगितला आणि वही काढली. त्या रात्री त्या झोपल्या नाहीत, पण फोनही केला नाही. सकाळी मुलीचाच फोन आला, ती झोपून होती, तिला ऑफिसात गेल्यावर कळलं. 12 डिसेंबरला त्याच भागात पुन्हा मोठा धक्का बसला, तेव्हा काकूंनी मला फक्त एवढं कळवलं: ‘डाव्या पानावर लिहायला काही नव्हतं.’

आता ‘परत बोलवू का?’ या प्रश्नाकडे. बोलवू नका, असं मी म्हणत नाही. तो घराचा निर्णय आहे, नोकरी, पगार, लग्न, आईवडिलांचं वय, सगळं त्यात येतं. माझं म्हणणं एवढंच, की भूकंपाच्या आठवड्यात हा निर्णय घेऊ नका आणि रडून घ्यायला लावू नका. काकूंच्या मुलीचा नोकरीचा करार मार्च 2026 पर्यंतचा होता. त्याआधी जानेवारीत बसून बोलायचं, असं त्या तिघांनी ठरवलं.

आणि झोप कित्येक आठवडे गेली असेल, जेवण तुटलं असेल, छाती धडधडते म्हणून कार्डिओग्राम काढून झाला असेल आणि तो नॉर्मल आला असेल, तर एकट्यानं झगडू नका. मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. काही काळ औषधही लागू शकतं, काकूंनाही सुरुवातीला थोडं लागलं. कुठं जायचं कळत नसेल तर सरकारच्या टेली मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.