कांदोळी की पर्वरी? आधी कपाटातली पॉलिसी काढा

ठाण्याच्या एका वाचकांचं पत्र आहे. मार्चअखेर साठ पूर्ण होऊन ते निवृत्त होतील. पत्नी ५७ वर्षांच्या, मुलगा पुण्यात नोकरीला. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि रजेचे मिळून ७८ लाख हातात येतील. एफडीत १० लाख, म्युच्युअल फंडात १४ लाख, ईपीएसचं पेन्शन महिना पाच हजारांच्या आसपास. ठाण्याचा फ्लॅट १ कोटी ४० लाखांना जाईल असं दलाल म्हणतो. तो विकून गोव्यात कांदोळीला १ कोटी १० लाखांचा दोन बेडरूमचा फ्लॅट घ्यायचा; नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपण मुलाकडे राहायचं आणि घर पर्यटकांना द्यायचं, एरवी स्वतः राहायचं. एजंट म्हणतो वर्षभराची सरासरी महिना ८० हजार पडेल. पत्नीला मात्र पणजीपलीकडची पर्वरी बरी वाटते. प्रश्न एवढाच: कांदोळी की पर्वरी?

पत्राच्या शेवटी, जाता जाता, एक ओळ आहे: "२२ लाखांच्या एफडीतले १२ लाख बँकेच्या सांगण्यावरून एफडीसारख्याच एका योजनेत टाकले, त्यात विमाही आहे आणि रक्कम दुप्पट होते. कागद गेल्या आठवड्यात आले, कपाटात ठेवले आहेत."

कांदोळी-पर्वरीचं पुढे बोलू. ते सहा महिने थांबलं तरी चालेल. हे कागद थांबणार नाहीत.

पॉलिसी काढा आणि पहिल्या पानावरच्या तक्त्यात दोन रकाने शोधा: 'हप्ता भरण्याची मुदत' आणि 'हप्ता वार्षिक की एकरकमी'. पत्राला जोडलेल्या माहितीपत्रकाच्या फोटोत मुदत १० वर्षं आणि हप्ता वार्षिक असं स्वच्छ छापलं आहे. म्हणजे तुम्ही १२ लाख 'टाकलेले' नाहीत, १२ लाखांचा पहिला हप्ता भरला आहे. असे आणखी नऊ. एकूण १ कोटी २० लाख, आणि तेही ज्या महिन्यापासून पगार बंद होतोय तिथून पुढे. घरखर्च तुम्ही महिना ६० हजार लिहिला आहे. हा हप्ता महिन्याला एक लाख पडतो. पेन्शन पाच हजार. बँकेतल्या ज्या कुणी साठीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला हे 'एफडीसारखं' म्हणून विकलं, त्याला हा हिशोब येत नव्हता असं मानायला मी तयार नाही.

आता 'दुप्पट' बघू. १ कोटी २० लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी २ कोटी ४० लाख मिळायचे, तेव्हा तुम्ही ऐंशीचे असाल. हप्ते दहा वर्षांत पसरलेले असल्यामुळे प्रत्येक रुपया सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी बहात्तरला भागलं की व्याजाचा अंदाजे दर निघतो. बहात्तरला साडेपंधराने भागा: वर्षाला जेमतेम साडेचार टक्के. ज्येष्ठांना साधी एफडीसुद्धा याहून बरी पडते. त्यात १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या आणि वर्षाला पाच लाखांहून जास्त हप्ता असलेल्या अशा पारंपरिक पॉलिसीच्या मुदतपूर्तीचा नफा करपात्र आहे, म्हणजे 'करमुक्त' हेही गेलं.

सुटकेची वाट आहे आणि ती उघडी आहे. पॉलिसी हातात किंवा ईमेलवर पडल्यापासून ३० दिवस 'फ्री लुक' मुदत असते. त्या मुदतीत पॉलिसी रद्द केली की मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी सगळं परत येतं. तारीख मोजताना ईमेल आधी आला होता का ते पाहा, नाहीतर कुरियरच्या पाकिटावर विसंबून चार दिवस गमवाल. पाकीट फेकू नका. एका पानाचा अर्ज लिहा: पॉलिसी क्रमांक, मिळाल्याची तारीख, 'फ्री लुक मुदतीत पॉलिसी रद्द करून रक्कम परत करावी', आणि कारण: एकरकमी ठेव म्हणून सांगितलं, प्रत्यक्षात दहा वार्षिक हप्ते निघाले. सोबत मूळ पॉलिसी, ओळखपत्र आणि रद्द केलेला चेक. हा अर्ज बँकेत देऊ नका, विमा कंपनीच्या शाखेत द्या, प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, आणि त्याच दिवशी कंपनीच्या ईमेलवरही पाठवा. बँकेत जाऊन फक्त ऑटो डेबिटचा मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी, रद्द करा.

मग फोन येतील. "सर, हप्ता कमी करून देतो", "तीन वर्षं भरा, मग काढता येतील", "माझी नोकरी जाईल". पडताळणीच्या कॉलवर कशालाही 'हो' म्हणू नका. आणि पॉलिसीला जोडलेला प्रस्ताव अर्ज नीट वाचा. त्यात तुमचं वार्षिक उत्पन्न आणि निवृत्तीचं वर्ष काय भरलंय ते बघा. अशा विक्रीत हे आकडे बरेचदा विकणाराच भरतो. खोटे असतील तर तोच तुमचा पुरावा.

मुदत हुकली तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर, आणि तरी नाही जमलं तर विमा लोकपालाकडे. लोकपालाकडे फी नाही, वकील लागत नाही, पण महिने जातात. हप्ता न भरता नुसतं सोडून दिलं तर ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांमुळे वर्ष पूर्ण झाल्यावर काहीतरी सरेंडर रक्कम (पॉलिसी मोडल्यावर हाती येणारे पैसे) मिळते, पूर्वीसारखं शून्य नाही. तरीही मोठा तुकडा गेलाच समजा.

दुसरी गोष्टही तुम्ही विचारलेली नाही. "मेडिक्लेम कंपनीचा आहेच," असं लिहिलंत. तो मार्चअखेर संपतो. तुम्हाला मधुमेह आहे, तेव्हा नोकरीत असतानाच, गट विमा चालू असताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करा, म्हणजे जुन्या आजारासाठी थांबण्याच्या मुदतीत मोजली गेलेली आधीची वर्षं वाया जात नाहीत. दोघांना मिळून १० लाखांचं कव्हर आणि वर सुपर टॉप-अप, म्हणजे त्यापुढचा खर्च उचलणारी जोड पॉलिसी. वर्षाला साठ-सत्तर हजार धरा. गोवा सरकारची आरोग्य विम्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना चांगली आहे, पण तिला राज्यात पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. आयुष्मानचं ज्येष्ठांचं कार्ड सत्तरीनंतर.

आता गोवा.

एजंटचे ८० हजार म्हणजे वर्षाला ९ लाख ६० हजार, घराच्या किमतीवर जवळजवळ नऊ टक्के. नुसत्या भाड्यावर नऊ टक्के मिळत असते तर तो फ्लॅट त्याने तुम्हाला विकलाच नसता. माझा हिशोब असा: वर्षभर घर पर्यटकांसाठी मोकळं ठेवलं, १६५ रात्री भरल्या, सरासरी ४,५०० रुपये मिळाले, तर ७ लाख ४० हजार. त्यातून बुकिंग संकेतस्थळाचं कमिशन १ लाख १० हजार. तुम्ही पुण्यात असताना चावी देणारा, चादरी बदलणारा, रात्री दोनला एसी बंद पडला की धावणारा माणूस लागेल. त्याचे १ लाख ६० हजार. वीज, धुलाई, सफाई १ लाख ३० हजार. सोसायटीचा मेंटेनन्स ६० हजार. समुद्राच्या खाऱ्या हवेने एसीचे कॉइल, नळ आणि खिडक्यांचे बिजागर लवकर जातात, पावसाळ्यात बंद घरात गाद्यांना बुरशी येते. दुरुस्तीचे आणखी ६० हजार. उरले २ लाख २० हजार, म्हणजे दोन टक्के. तेही वर्षभर मोकळं ठेवलं तर. तुम्ही देणार चारच महिने.

शिवाय पर्यटकांना घर देण्यासाठी १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्यात नोंदणी करावी लागते, आणि सोसायटीची हरकत नसावी लागते. एजंटने यातलं काही सांगितलं का?

आणि एक गंमत बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा गोव्यात राहायचा खरा काळ: हवा कोरडी, संध्याकाळी फिरता येतं. तो तुम्ही पर्यटकांना देणार. तुमच्या वाट्याला एप्रिल-मेचा घाम आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस. जून-जुलैचे ६१ दिवस मासेमारी बंद, म्हणजे मासळीही महाग.

कांदोळी हे सुट्टीचं गाव आहे, उतारवयाचं नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कळंगुट-कांदोळी रस्त्यावर गाड्या हलत नाहीत. त्या रात्री छातीत दुखलं तर म्हापशाचं जिल्हा रुग्णालय किंवा मांडवी ओलांडून बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं रुग्णालय), दोन्ही याच रस्त्याने. ऑफ सीझनला उलट, अर्धी दुकानं शटर ओढून बसतात. इमारतींत निम्म्याहून जास्त फ्लॅट दिल्ली-मुंबईच्या मालकांचे, बंद. बंद फ्लॅट म्हणजे मेंटेनन्सची थकबाकी, आणि थकबाकी म्हणजे लिफ्ट बिघडली की तीन आठवडे तशीच. आज तुम्ही गाडी चालवता. पंचाहत्तरीत नाही चालवणार, आणि गोव्यात टॅक्सी स्वस्त नाही. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसपर्यंत पायी जाता येतं का, हा प्रश्न समुद्र किती लांब याच्या आधी विचारायचा.

तेव्हा दोनांतच निवडायचं तर पत्नीचं बरोबर आहे, पर्वरी. पूल ओलांडला की पणजी, बांबोळी त्याच महामार्गावर, बाजारहाट बारमाही, कारण तिथे राहणारी माणसं नोकरदार आणि सरकारी आहेत. पण महामार्गाने पर्वरीचे दोन तुकडे केले आहेत. धूळ आणि रस्ता ओलांडणं हे ज्येष्ठांसाठी रोजचं संकट. महामार्गाला लागून नको. सुकूरच्या किंवा बेतीच्या बाजूला आत बघा. पर्वरी ज्या तालुक्यात येते त्या बार्देशात उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते. नळ किती तास येतो आणि मे महिन्यात टँकरचं बिल किती आलं हे सोसायटीच्या वॉचमनला विचारा, बिल्डरला नको.

तुम्ही न लिहिलेली दोन नावं सुचवतो. पणजीजवळचं ताळगाव-करंझाळे: महाग, पण दोना पावलाचं खासगी रुग्णालय आणि गोमेकॉ दोन्ही जवळ, पाटोचं मध्यवर्ती ग्रंथालय, कला अकादमी. आणि फोंडा. समुद्र नाही, म्हणून पर्यटकांच्या भावाने भाजी घ्यावी लागत नाही. मंगेशी, कवळे शेजारी, राजीव गांधी कला मंदिरात मराठी नाटकं होतात. फक्त मोठ्या दुखण्याला बांबोळीच गाठावी लागते.

पण यातलं काहीही विकत घेऊ नका. निदान पहिलं वर्ष तरी नाही. ठाण्याचे १ कोटी ४० लाख, त्यातून घराचे १ कोटी १० लाख. दलाली, स्टॅम्प ड्युटी, नोंदणी, वकील, फर्निचर आणि सामानाची ने-आण मिळून १८ लाख. उरले १२ लाख. आयुष्यभराचं घर विकून बरोबर एक हप्ता. त्यापेक्षा ठाण्याचा फ्लॅट भाड्याने द्या, ३५ हजार तरी येतील. पर्वरीत आतल्या बाजूला दोन बेडरूमचं घर ३० हजारांच्या आसपास मिळेल. भाड्याला भाडं, वर पाच हजारांत ठाण्याचा मेंटेनन्स आणि कर.

घरखर्चाचं असं: ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तुमच्या नावे ३० लाख, सध्याच्या ८.२ टक्क्यांनी महिना साडेवीस हजार, दर तिमाहीला जमा. पत्नीचं खातं साठीनंतर. पोस्टाच्या मासिक योजनेत संयुक्त १५ लाख, महिना सव्वानऊ हजार. पेन्शन धरून जवळजवळ ३५ हजार. तुटतात २५, म्हणजे वर्षाला ३ लाख. त्यासाठी मागे राहतात पीएफमधले ३३, एफडीचे १०, फंडातले १४ आणि पॉलिसीतून परत आलेले १२: एकूण ६९ लाख. वर्षाला साधारण ४.३ टक्क्यांची उचल, झेपते. दोन वर्षांची तूट आणि दवाखान्याचे पाच लाख एफडीत, बाकी फंडात. ते १२ लाख परत आले नाहीत आणि हप्ते चालू ठेवले, तर ही रक्कम पाच वर्षांतच संपेल.

वर्षभराने घ्यायचंच ठरलं तर ठाणे विकल्यावर दोन वर्षांच्या आत घर घेऊन भांडवली नफ्याची सूट मिळते. विवरणपत्राच्या तारखेपर्यंत पैसे बँकेच्या कॅपिटल गेन्स खात्यात ठेवायचे. म्हणजे 'कर वाचवायला आत्ताच घ्या' हे खोटं आहे. वकील गोव्याचाच घ्या: एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सातबारा), सनद (जमीन बिगरशेती केल्याची परवानगी), ऑक्युपन्सी (इमारत वापरायचा दाखला), जमीन कोमुनिदादची (गावाच्या सामाईक संस्थेची) आहे का, कूळ-मुंडकाराचा (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचा) हक्क आहे का, किनारा नियमन क्षेत्रात येते का, हे त्यालाच कळतं. गोव्याच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, तेव्हा विकणाऱ्या दोघांच्याही सह्या हव्यात.

भाड्याचं घर डिसेंबरात नको, जूनपासून घ्या.  त्याआधी मेमध्ये रात्री नऊ वाजता इमारतीसमोर उभे राहा आणि दिवे लागलेल्या खिडक्या मोजा. चाळीस फ्लॅटमध्ये पंधराच्या खाली असतील तर पुढच्या इमारतीकडे वळा. आणि करार दोघांच्या नावावर करा. पत्नी तुमच्याहून तीन वर्षांनी लहान आहेत, उद्या त्या घरात एकट्या राहणार असतील तर त्याच राहणार आहेत.